गिरदावर काकांचा मुलूख

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला भाडं सांगितलं नाही, पाण्याची वेळ सांगितली नाही, लग्न झालं का तेही विचारलं नाही. अंगणातल्या खुर्चीवरून चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, समजा तुमच्यासमोर नदी हाय. पूल वाहून गेला. मागून घोडेस्वार येऊन राह्यले. तुमी काय करसान?"

मी तेव्हा आदिलाबादला एका खाजगी शाळेत नुकतीच लागले होते. आमचं गाव सरहद्दीवरचं, घरी वांगी आणि मेथीचा मळा. शहरात एकटीनं राहायची पहिलीच वेळ. त्यात हा प्रश्न. मला वाटलं, माणूस जरा सरकलेला असावा. तरी तोंडातून निघून गेलं, "पाणी किती खोल आहे?"

ते ताडकन उभे राहिले आणि आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले, "अवो, चहा ठेवा. खोली दिली!"

माझ्या आधी चारजण येऊन गेले होते, हे काकूंनी नंतर सांगितलं. एकजण म्हणाला पोहून जाईन, दुसरा म्हणाला लढेन. काकांनी सगळ्यांना परत पाठवलं. त्यांचा हिशेब सरळ होता. पाणी किती हे न विचारता जो नदीत उतरतो, तो एक दिवस गॅस चालू ठेवून शाळेला जाईल.

काका महसूल खात्यातून गिरदावर म्हणून निवृत्त झाले होते. गिरदावर म्हणजे गावोगाव फिरून पीकपाणी बघणारा, शेताच्या हद्दी तपासणारा अंमलदार. निजामाच्या वेळचा शब्द, अजून चालतो. गल्लीत त्यांना नाव नव्हतंच, सगळे गिरदावर साब म्हणत. अंगानं काटकुळे, दोन्ही कानांवर एक एक पेन्सिल, डावीकडे लाल, उजवीकडे काळी. चालताना ओठ हलायचे, कारण ते पावलं मोजत असत. मी एकदा सहज विचारलं, "काका, टपालघर लांब आहे का?" तर म्हणाले, "तुमच्या पायानं सहाशे, माह्या पायानं पाचशे. पन वाटेत हलवायाचं दुकान हाय, तिथं पाय अडकते."

तर हा माणूस दर रविवारी दुपारी, जेवणं झाली की, पुढच्या खोलीत एक मुलूख चालवत असे.

दुसरा शब्द मला सुचत नाही. त्यांचा भाचा हैदराबादला नोकरीला होता. टाळेबंदीत तो इथे तीन महिने अडकला. त्याच्याजवळ एक खेळ होता. या खेळात पट असतोच असं नाही, सोंगट्या घरी नेऊन जिंकायचं नसतं. एकजण गोष्टीतलं जग सांगतो. बाकीचे त्या जगातलं एकेक माणूस होतात आणि तो काय करतो ते आपल्या तोंडानं सांगतात. जिथे जमेल की नाही याची खात्री नसेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. बस. कंटाळा घालवायला भाच्यानं मामाला शिकवला. गाड्या सुरू झाल्या, भाचा निघून गेला आणि मामाला मात्र तो खेळ चिकटला. भाच्याच्या गोष्टीत ड्रॅगन होते, जादूगार होते. काकांनी ते सगळं काढून टाकलं. "ड्रॅगन जिथं ऱ्हाते तिथली जमीन कोनाच्या नावावर हाय, हे त्याले सांगताच येत नाई," ते म्हणत.

त्यांनी आपला मुलूख आखला. मोठ्या ड्रॉइंग कागदावर पेन्सिलीनं, अगदी सरकारी नकाशासारखा. दोन राज्यांच्या मधली चौदा गावं. दोन्ही राजे म्हणायचे गावं आमची. दोघांचेही वसूलदार यायचे. प्रत्येक घरात दोन शिक्क्यांचे दोन कागद असायचे आणि दार वाजलं की कोणता काढायचा हे बाया खिडकीतून पागोटं बघून ठरवायच्या. आम्ही त्या मुलखातले हरकारे, निरोप पोचवणारे. इतकंच काम. पण प्रत्येक गावाची त्यांनी पाहणी लिहून ठेवली होती. कोणत्या शेतात ज्वारी, कुठे कापूस, विहीर कोणाची, तिच्यावर कोणाला पाणी भरू देत नाहीत, कोणाच्या घरी लग्न ठरलंय. जाड वह्या, सुंदर अक्षर. खेळणाऱ्यांना ते खातेदार म्हणत. माझं पात्र एका पानावर सातबाऱ्यासारखं उतरवून माझ्यापुढे सरकवलं तेव्हा म्हणाले, "ही तुमची पहाणी. हरवू नका. नक्कल भेटत नाई."

आम्ही खातेदार तिघे. मी. दुसरा देविदास, भैंसा गावचा, इथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. आवाज मशीनवर कमावलेला, डोकं गरम. तिसरी सुजाता सिस्टर, उटनूरच्या दवाखान्यात नर्स. तेलुगू घरातली, मराठी समजायची पण बोलायची दखनी हिंदी. काकू खेळत नसत. त्या शेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलायच्या, नाहीतर लसूण. पण मध्येच म्हणायच्या, "अवो, त्या नावाड्याची बायको मागच्या खेपेला पोटुशी होती. आता कुठून ऊस तोडाले गेली?" काका पान उलटवून बघायचे, लाल पेन्सिलीनं दुरुस्त करायचे आणि म्हणायचे, "नावाड्याची मेहुनी गेली."

फासा ते सगळ्यांसमोर टाकायचे. झाकून टाकणं त्यांना मान्य नव्हतं. माझा पहिला हरकारा असाच गेला. तीन महिने जपलेला. घाटात पाय घसरला, फाश्यावर एक पडला. मी रडकुंडीला आले. "काका, एकदा पुन्हा टाका ना." त्यांनी फासा उचलला नाही. काकूंना म्हणाले, "आज भजी नका करू." त्या रविवारी खेळ पुढे गेलाच नाही. प्रत्येकानं त्या मेलेल्या माणसाची एक आठवण सांगायची, असं त्यांनी ठरवलं. देविदाससारखा माणूस सांगता सांगता नाक ओढायला लागला. पुढच्या रविवारी काकांनी माझ्यापुढे नवं पान ठेवलं. त्या हरकाऱ्याची धाकटी बहीण. भावाची थैली घ्यायला आली होती.

एकदा त्यांनी एक किल्ला तयार केला. सात-आठ महिने लागले असतील. भुयारं, धान्याची कोठारं, चोरदरवाजे, आतल्या पहारेकऱ्यांची भांडणं. काकूंनी नंतर सांगितलं, जेवतानासुद्धा ते भातात किल्ला काढत. अखेर तो रविवार आला. आम्ही फाट्यावर पोचलो. उजवीकडे किल्ला. डावीकडे कुठे तरी बाजार भरल्याचा आवाज येतोय, असं काका सहज बोलून गेले.

"बाजार?" सुजाता म्हणाली. "चलो, बाजार देखते."

आम्ही डावीकडे गेलो. किल्ल्यात कधीच शिरलो नाही. काकांनी डोळ्याची पापणी हलू दिली नाही. तिथल्या तिथे बाजार उभा केला. तेलाचा घाणा, मडकी, बैल विकायला आलेला एक रुसलेला म्हातारा. इतका जिवंत बाजार मी खऱ्यातही पाहिला नाही. किल्ल्यामागची मेहनत मला पुढे कळली तेव्हा फार वाईट वाटलं. ते मात्र हसले. "अवो मॅडम, बांधलेलं घर दाखवाले पाहुन्याले दोर लावून ओढत असते का कोनी?"

आता देविदासची गोष्ट. एका गावातून आम्हाला निसटायचं होतं. पहारा होता. देविदासनं युक्ती केली, पाटलाच्या कडब्याच्या गंजीला काडी लावली. पहारेकरी आगीकडे धावले, आम्ही पसार. देविदास खूश. मांडी थोपटत बसला. काकांनी वहीत काहीतरी टिपून ठेवलं. खेळातलं वर्ष सरलं, आम्ही त्याच गावात परत आलो. काकांनी वही उघडली आणि नेहमीच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. कडबा जळाला. वारा होता, शेजारच्या दोन गंज्याही गेल्या. बैलांना चारा नाही. चार बैल बाजारात गेले. पेरणी उशिरा झाली. अमुक घर कुलूपबंद.

देविदास म्हणाला, "साहेब, खेळच तं हाय."

"खेळच हाय," काका म्हणाले. "म्हनून तं मागं वळून पाह्यता येते. खऱ्यात गाडी पुढे जाते, बाप्पा."

त्यानंतर सहा रविवार देविदास खेळात दुसरं काही करेना. गावोगाव हिंडून चारा गोळा करायचा आणि त्या गावात नेऊन टाकायचा. आम्हाला कंटाळा आला तरी त्यानं ऐकलं नाही. जिनिंगमध्येही हल्ली तो विडी विझवून, पायाखाली घासून, वर पाणी ओततो असं त्याचा मुकादम म्हणाला.

आमच्या आवाजानं एकदा पोलिसही आला. "मारला! वीस पडले! अजून टाका!" हे ऐकून शेजाऱ्यांना वाटलं, निवृत्त गिरदावरानं जुगाराचा अड्डा काढला. भर दुपारी एक शिपाई दारात. तरुण, तेलुगू, घामाघूम.

"पत्ते किधर है?"

"पत्ते नाई. नक्शा है," काका म्हणाले आणि त्याला खुर्ची दिली.

तो नकाशावर वाकला. बराच वेळ बोट फिरवत राहिला. "ये गांव कौन से मंडल में आता?"

"किसी में नहीं आता."

"तो फिर इधर कुछ हुआ तो हद किसकी?"

काकांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "वाह! तीन साल में एक भी खातेदार ने ये नहीं पूछा!" शिपाई तासभर बसला. दरोडेखोरांच्या म्होरक्याला कसं धरायचं हे आम्हाला समजावून, काकूंच्या हातची भजी खाऊन गेला. म्होरक्या तसाच सापडला.

पण मला जे सांगायचंय ते यानंतरचं.

नकाशाच्या पार कडेला, ओढ्यापलीकडे, एक ठिपका होता. नाव नाही. बाजूला बारीक अक्षरात फक्त "८ घरं". तीन वर्षांत आम्ही त्याच्या जवळून अनेकदा गेलो होतो, वळलो कधी नाही. त्या रविवारी खेळात मोठी गोष्ट घडली होती. दोन्ही राजांचा तह झाला होता. प्रत्येक गावात जाऊन घरं मोजायची, नावं लिहून आणायची, असा हुकूम हरकाऱ्यांना झाला. चौदा गावं झाली. दिवस मावळत होता, खेळातला.

देविदास म्हणाला, "ते आठ घरं सोडा. इथूनच लिहून टाकू. पीक इकडं जसं, तसंच तिकडं."

"नाही," मी म्हणाले. "मी ओढा ओलांडते. काका, तिथे काय दिसतं?"

काकांनी कानावरची काळी पेन्सिल काढली. पेन्सिल हातात तशीच. मी पुन्हा विचारलं. त्यांनी वह्या चाळल्या नाहीत, नकाशाही पाहिला नाही. काकूंचे शेंगा सोलणारे हात थांबले.

"तिथं काय हाय ते मले माहीत नाई," काका म्हणाले. "साऱ्या मुलखातलं तेवढं एकच गाव मी लिहिलं नाई."

"तो फिर बनाए कायको?" सुजातानं विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. नोकरीतली सुरुवातीची वर्षं. त्या साली पावसानं दगा दिला होता आणि पीक बुडालेल्या गावांची यादी करायची होती. काका सायकलवर उटनूरच्या बाजूला गावोगाव फिरत होते. शेवटची राहिली ती ओढ्यापलीकडची आठ घरांची वस्ती. उशीर झाला होता, पाय भरून आले होते. अलीकडच्या गावात एकजण म्हणाला, साहेब, तिकडं कशाला जाता, आठ घरं हायेत, इथं जसं पीक तसंच तिथं. अलीकडे एक सर बरी झाली होती, पीक उभं होतं. काकांनी ओढ्याच्या अलीकडूनच लिहिलं, पीक समाधानकारक. सही केली. पुढे कळलं, ती सर ओढ्यापलीकडे गेलीच नव्हती. यादीत वस्तीचं नाव नव्हतं, त्यामुळे मदत गेली नाही.

"कोनी विचारलं नाई, कोनी तक्रार केली नाई," काका म्हणाले. "मी पन गेलो नाई. सारी नोकरी त्या बाजूची बदली टाळली."

देविदास खाली बघत होता. काकांनी नकाशाची गुंडाळी केली. काकूंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. त्यांनाही हे माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मग त्याच म्हणाल्या, "वस्ती अजून असन ना तिथं?"

"असन."

"मंग पुढच्या रविवारी जाऊन पाहा. खेळ काई पळून नाई चालला."

आम्ही सगळेच गेलो. सकाळच्या बसनं उटनूर, तिथून रिक्षा, मग पायी. थंडीचे दिवस होते, सागाची पानं मोठमोठी, पायाखाली वाजत होती. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्या दिवशी ते पावलं मोजत नव्हते. ओढा कोरडाच होता, दहा-पंधरा ढांगांत पलीकडे.

पहिल्याच घरापुढे एक म्हातारी मोहफुलांच्या टोपलीची कड बांधत बसली होती. "कोन पाहिजे?"

"मी गिरदावर होतो," काका उभ्यानंच म्हणाले. "पाऊस गेला होता त्या साली मले इथं पाहनीले यायचं होतं. मी आलो नाई."

तिनं हात थांबवले. त्यांच्याकडे नीट पाहिलं. "थो तू हाय काय?"

"हो, माय."

"आमी वाट पाह्यली," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आठवत आठवत बोलत होती. "सायेब येनार म्हनून सांगावा आला होता. मी आंगन सारवलं. माह्या मालकानं पल्याडच्या गावातून खाट मांगून आनली, सायेब बसन म्हनून. सांजेलोक पाह्यली."

"मंग?"

"मंग खाट वापस देऊन आलो."

काकांचा हात खांबाला टेकला. सुजाता त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली, नर्स उभी राहते तशी.

"आठ घरं होती ना?" त्यांनी विचारलं.

"तीन घरं त्याच साली निघून गेली. चांद्याकडं, इटा पाडाले. वापस नाई आली." तिनं टोपली उचलली. "आता काऊन आला?"

"पाह्याले."

"पाय मंग," ती म्हणाली.

आणि काकांनी पाहिलं. दिवसभर. प्रत्येक शेताच्या चारी बाजू चालले. प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी बसून नावं विचारली, माणसांची, शेतांची, मोठ्या झाडांचीसुद्धा. पडक्या तीन घरांच्या जोत्यांपाशी जाऊन तिथे कोण राहत होतं ते लिहिलं. वस्तीतल्या लोकांकडे शेतीचे धड कागदच नाहीत, हे तिथे कळलं. कोणी मोजायलाच आलं नव्हतं. दुपारी म्हातारीनं आंबील दिली. काका जमिनीवर बसून प्यायले. ज्या देविदासनं ओढ्याअलीकडून लिहायला सांगितलं होतं, तो मोजणीचा दोर धरून उन्हात हिंडत होता.

परतताना बसमध्ये मी हळूच म्हणाले, "काका, तुम्ही माफी नाही मागितली."

"माफी मागितली असती तं तिलेच माही समजूत काढा लागली असती," ते म्हणाले. "ते काम तिच्यावर काऊन टाकू?"

पुढची दोन वर्षं गिरदावर काका कचेऱ्यांत सापडायचे. वस्तीतल्या दोघा-तिघांना सोबत घेऊन बाकावर बसलेले, मांडीवर नकाशा. कोणता अर्ज कोणत्या टेबलावर आणि ते टेबल जेवायला कधी जातं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? तरुण अंमलदार त्यांना टाळायचे, कारण हा म्हातारा म्हणे, कागदावर लिहिण्याआधी मौका, म्हणजे जागा, पाहायला चला, आणि खरंच घेऊन जायचा. पाच घरांपैकी तिघांचे कागद झाले. दोघांचे अजून फिरताहेत. काकांना विचारलं तर ते उलटं सांगतात, आधी राहिलेल्या दोघांचं, मग झालेल्या तिघांचं.

या सगळ्यात रविवार बुडाले. देविदास घरी येऊन नुसताच बसायचा आणि उसासे टाकायचा. माझीही बदली निर्मळच्या शाखेत झाली. खोली सोडली, तरी महिन्यातून एकदा येत होते.

अशीच मागच्या संक्रांतीला गेले तर पुढच्या खोलीत सगळे जमलेले. पण सांगणाऱ्याच्या खुर्चीवर काकू. मांडीवर त्यांची स्वतःची वही, वर तिळाच्या वड्यांची ताटली. काकांच्या वह्यांना त्यांनी हातही लावला नव्हता. नवा मुलूख, डोंगरातला. आणि समोर, देविदास आणि सुजाताच्या मध्ये, पहिल्यांदाच खातेदार होऊन बसलेले गिरदावर काका. शाळेतल्या नव्या मुलासारखे अवघडलेले. मला बघून थोडे लाजले.

"तुमचा मानूस कोन?" काकूंनी विचारलं.

"वाटाड्या."

"हत्यार?"

"एक काठी."

"तलवार नको? सुजाताजवळ दोन हायेत."

"नको. पायात चांगली चप्पल लिहा. जाड तळव्याची."

काकूंनी लिहिलं. मग चष्मा कपाळावर चढवून नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "लिहिली. आता उठा. उन्हाच्या आत डोंगर चढायचा हाय."

आणि काका खरंच खुर्चीवरून उठून उभे राहिले.